सात टक्के हेतू

विक्रांत सोनटक्केची ती चित्रफीत सकाळपासून अकराव्यांदा पडद्यावर लागली, तेव्हा मयूरी वैरागडेने टेबलाखाली स्वतःचे हात एकमेकांत घट्ट अडकवून घेतले. 

पडद्यावर पुण्याच्या संघाचा जयदीप तीन गुणांच्या रेषेबाहेरून उंच उडाला. चेंडू त्याच्या बोटांतून सुटला. तो खाली येऊ लागला, आणि जिथे त्याचा पाय टेकणार होता नेमका तिथे नागपूरच्या विक्रांतचा डावा बूट सरकत आला. जयदीपचा पाय त्या बुटावर पडला आणि घोटा आत मुडपला. आवाज बंद होता, तरी त्याचं उघडलेलं तोंड बघून खोलीतल्या तिघांनीही मान फिरवली.

"पुरे," न्यायमूर्ती कर्णिक म्हणाले.

व्यावसायिक बास्केटबॉल लीगची शिस्त व सन्मान समिती या तिघांची होती. कर्णिक अध्यक्ष, उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. डॉ. इरावती फाटक पुण्याच्या, चाळिशीच्या आतल्या, शरीराच्या हालचालींच्या शास्त्रज्ञ. आणि तिसरी मयूरी, एके काळची भारताची खेळाडू, आता सत्तेचाळीस वर्षांची. नागपूरला वर्धा रोडवर, लीगच्या इमारतीत सातव्या मजल्यावर दर महिन्याला ते भेटत. कुणाला किती सामने बाहेर बसवायचं आणि हंगामाच्या शेवटी कुणाच्या हातात कुठली ढाल द्यायची, दोन्ही तेच ठरवत.

आज मात्र दोन्ही विषयांत नाव एकच होतं. विक्रांत, वय तेवीस, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून शिफारस झालेला. आणि विक्रांत, दोन हंगामांच्या निलंबनासाठी शिफारस झालेला.

"एकाच माणसाला एकाच दुपारी हार घालायचा की बेडी, एवढंच ठरवायचंय," कर्णिक म्हणाले. "पाय चुकून गेला असेल तर तो साधा फाउल. मुद्दाम घातला असेल तर दोन वर्षं बाहेर, आणि सन्मानाच्या यादीतून नाव कायमचं कट. फाटक, तुमचं यंत्र काय म्हणतं?"

"चौऱ्याण्णव टक्के," इरावती म्हणाली. "मुद्दाम."

यंत्राचं नाव हेतुमापक. चार वर्षांपूर्वी ते लीगमध्ये आलं, तेव्हा इरावतीने सगळ्या खेळाडूंना एका सभागृहात बसवून ते समजावून सांगितलं होतं. तिने एकाला उभं केलं आणि हात झटकन वर करायला लावला. मग त्याच्या पोटरीला चिकटवलेल्या तारांचा आलेख दाखवला. हात हलण्याआधी, सेकंदाचा दहावा हिस्सा आधी, पोटरीचे स्नायू आवळले गेले होते. शरीराला आधीच ठाऊक असतं की हात उचलला की तोल जाणार, म्हणून ते आधी खालून स्वतःला सावरून घेतं. प्रत्येक ठरवून केलेल्या हालचालीआधी अशी तयारी होते. जो मुद्दाम डावा पाय पुढे टाकतो, त्याचं वजन आधीच उजव्या पायावर गेलेलं असतं. ज्याचा पाय नुसताच घसरतो, त्याचं वजन मागाहून जातं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण सेकंदाला हजार चित्रं टिपणाऱ्या सोळा कॅमेऱ्यांना दिसतो. हेतुमापक टक्कर होण्याआधीचा शेवटचा एक सेकंद घेतो, त्या खेळाडूच्या शेकडो जुन्या हालचालींशी ताडून बघतो आणि एक आकडा देतो.

त्या आकड्याने खेळ बदलला. मुद्दाम मारलेल्या धक्क्यांची संख्या पहिल्याच वर्षी निम्म्यावर आली. आणखीही एक गोष्ट झाली, पण ती अहवालात कुठे आली नाही. खेळाडू एकमेकांपासून हातभर लांब राहू लागले. कुणी उडी मारली की समोरचा दोन्ही हात पाठीमागे घेऊन मागे सरके, पोलिसांनी दरडावल्यासारखा. आपल्या मनात काय येईल याची त्यांना भीती वाटत होती.

"सोनटक्केला आत बोलवा," कर्णिक म्हणाले.

सहा फूट पाच इंचांचा तो मुलगा आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. डोळे सुजलेले होते.

"तू पाय मुद्दाम घातलास का?" कर्णिकांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं होतं, सर."

"आणि आज?"

"आठ दिवस तीच क्लिप बघून राहिलोय. आधी वाटायचं, मी नाही केलं. आता बघतो तर वाटतं, हा जो क्लिपमधला माणूस आहे ना, ह्यानं मुद्दामच केलंय. त्याच्या तोंडावरून दिसतं." त्याने मयूरीकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही खेळलाय. असं होतं का? आपण करतो आणि आपल्यालाच माहीत नसतं?"

मयूरीने समोरचे कागद सरळ केले. तिला पक्कं माहीत होतं की निदान तिच्या बाबतीत तसं झालं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी, याच लीगच्या महिलांच्या अंतिम सामन्यात, शेवटची दीड मिनिटं उरली असताना, तिने असाच एक पाय असाच एका खाली येणाऱ्या खेळाडूच्या तळव्याखाली ठेवला होता. चुकून नव्हे. खेळाडूचं नाव चंदा उईके. चंदाचा घोटा तीन ठिकाणी मोडला आणि ती पुन्हा कधी खेळली नाही. मयूरीच्या संघाने तो सामना जिंकला, आणि त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडूची ढाल मयूरीला मिळाली. चंदा तिची शाळेपासूनची मैत्रीण होती. आजही होती. ही गोष्ट मयूरीने आजवर एकाही माणसाला सांगितलेली नव्हती.

शुक्रवारी अंतिम निर्णय करायचं ठरलं. विक्रांत गेला. कागद आवरता आवरता इरावती उत्साहाने म्हणाली, "एक आनंदाची बातमी. नव्या आवृत्तीला सोळा कॅमेरे लागत नाहीत. जुन्या प्रक्षेपणातले दोन-तीन कोन पुरतात. लीगला पंचवीस वर्षं होतायत, तर संचालक मंडळाने ठरवलंय, आजवरच्या सगळ्या सन्मानित खेळाडूंचे सामने तपासून घ्यायचे. ज्यांचे हात स्वच्छ आहेत त्यांना प्रमाणपत्र. ज्यांचे नाहीत त्यांची ढाल परत."

"जुन्या खेळाडूंचीही?" मयूरीने विचारलं.

"तुमचं नाव चौथं आहे, मयूरीताई," इरावती हसून म्हणाली. "गुरुवारी दुपारपर्यंत येईल."

*

मयूरी घरी गेली ती थेट बाथरूममध्ये, आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. नवरा कामासाठी रायपूरला होता. त्याचा फोन आला की ती बैठकांचं निमित्त सांगून ठेवून द्यायची.

बुधवारी संध्याकाळी चंदाचा फोन आला. चंदा महापालिकेच्या मैदानावर मुलींना शिकवायची. चाळीसएक मुली होत्या तिच्याकडे, वस्तीतल्या, बुटांची जोडी दोघींत वाटून घेणाऱ्या.

"काय गं, रविवारी आली नाहीस. पोरी विचारत होत्या, मयूरीताई कुठं आहे म्हणून."

"काम आहे गं."

"त्या सोनटक्केचं काय करून राहिले तुम्ही? पोरींची रोज भांडणं चालू आहेत. अर्ध्या म्हणतात मशीन बरोबर, अर्ध्या म्हणतात तो बरोबर."

"तू काय म्हणतेस?"

"मी कुठं बघते गं असल्या क्लिपा." चंदा हसली. "माझी स्वतःची कधी बघितली नाही, दुसऱ्याची काय बघू."

मयूरीने फोन ठेवला. उद्या संध्याकाळी या बाईला कळणार. वर्तमानपत्रातून, नाहीतर एखाद्या मुलीच्या मोबाइलवरून. चौथं नाव, शेजारी आकडा. मग चंदा फोन करेल, किंवा करणार नाही. यातलं अधिक भयंकर काय, हे मयूरीला ठरवता येईना. आपणच आधी सांगावं, असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तिने फोन हातात घेऊन परत ठेवला.

*

गुरुवारी दुपारी ती त्याच सातव्या मजल्यावरच्या इरावतीच्या प्रयोगशाळेत पोचली. खोलीत गारवा होता आणि भिंतभर पडदे. एकावर तिचाच सामना गोठवून ठेवलेला, ती पंचवीस वर्षांची, केस करकचून बांधलेली, आणि समोर हवेत चंदा.

"बसा ना. पाणी घेणार? चेहरा किती उतरलाय," इरावती म्हणाली. "सगळ्यांनाच धाकधूक असते. आकडा आलाय. बघा."

मयूरीने बघितलं. सात.

"सत्तर?"

"सात. सात टक्के. निव्वळ अपघात. पहिल्या दहा नावांत इतका स्वच्छ आकडा कुणाचाच नाही. अभिनंदन."

मयूरी लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद होताच हसू लागली. तिला थांबता येईना. सुटले. बावीस वर्षं उराशी धरलेलं ते ओझं एका आकड्याने उचलून फेकून दिलं होतं. आता कुणालाही कधीही कळणार नव्हतं. तिने कबूल केलं तरी लोक म्हणतील, बाई भ्रमिष्ट झाली.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि तिचं हसू आटलं.

यंत्र चुकलं होतं. जगात ही गोष्ट खात्रीने सांगू शकणारी ती एकटीच होती. आणि जे यंत्र तिच्या बाबतीत चुकलं, ते त्या पोराच्या बाबतीत बरोबर कशावरून?

तळमजल्यावर विक्रांत उभा होता. लीगच्या डॉक्टरांनी त्याला बोलावलं होतं. तिला बघून तो पुढे आला.

"मॅडम, उद्या मी कबूल करून टाकतो. वकील नको म्हणतो, पण मशीन कशाला खोटं बोलेल? तिला माझ्याशी काय वैर आहे?" तो बोलत होता आणि स्वतःच्या पायांकडे बघत होता, ते पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा. "सकाळी आई मागून आली, तर मी एकदम भिंतीला चिकटलो. तिला धक्का लागू नये म्हणून. काय सांगावं, मी मुद्दामच मारला तर?"

मयूरी तशीच मागे फिरली आणि पुन्हा सातव्या मजल्यावर गेली.

"इरावती, माझी फीत परत लाव. त्या सेकंदात माझं वजन कुठे आहे?"

"डाव्या पायावर. पूर्ण सेकंदभर. काही हललंच नाही, म्हणून तर आकडा इतका कमी."

"कारण मी आधीच येऊन उभी होते. तिच्या उडीआधीच्या टाइमआउटमध्ये, मिनिटभर खेळ थांबला होता तेव्हाच, मी ठरवलं होतं. तो पाय कुठे ठेवायचा ते मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून शेवटच्या सेकंदात शरीराला काही तयारीच करावी लागली नाही. आणि आता विक्रांतची लाव. त्याचं वजन का हललं?"

इरावतीने ती लावली, पण तिचे हात आता सावकाश चालत होते.

"तो पाय मागे घेत होता," मयूरी म्हणाली. "जयदीप खाली येतोय हे त्याला दिसलं. पाय ओढून घ्यायलाही आधी वजन दुसऱ्या पायावरच टाकावं लागतं ना? त्याचा बूट घसरत राहिला, ओढेपर्यंत उशीर झाला. तुझं यंत्र हेतू मोजत नाही, इरावती. ते घाबरणं मोजतं. जो शेवटच्या क्षणी दचकतो, तो पकडला जातो. जो थंड डोक्याने ठरवून येतो, त्याला तू प्रमाणपत्र देतेस."

इरावतीने दोन्ही फिती शेजारी शेजारी लावून बघितल्या. मग हळू आवाजात म्हणाली, "तीन राज्यांच्या पोलिसांनी हे मागितलंय. गर्दीवर लावायला. पुढच्या महिन्यात करार आहे." तिने मयूरीकडे पाहिलं. "तुम्ही उद्या हे बोलणार?"

"हो."

"कुणीही विश्वास ठेवणार नाही."

"माहीत आहे. पण त्याआधी मला एकीला सांगायचंय."

*

चंदा मैदानाच्या कठड्यावर बसून मुलींचे पास बघत होती. मयूरी शेजारी बसली. ऊन उतरत आलं होतं. सांगायला मयूरीला चार वाक्यं लागली. चौथं उद्याच्या बैठकीबद्दल होतं.

चंदा मैदानाकडेच बघत राहिली. एका मुलीचा चेंडू सुटून आला, तो तिने उचलून परत फेकला.

"टाइमआउटमध्ये ठरवलंस?"

"हो."

"म्हणजे पूर्ण एक मिनिट तुझ्याकडे होतं."

"हो."

"मी दवाखान्यात होते तेव्हा तू सात रात्री माझ्या उशाशी होतीस. मी सगळ्यांना सांगायचे, बघा, मैत्रीण असावी तर अशी." चंदाचा आवाज चढला नाही. मयूरीला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "ऊठ इथून."

"चंदा..."

"ऊठ म्हणते ना. पोरींसमोर मला काही बोलायचं नाही. जा."

मयूरी मैदानाच्या फाटकापर्यंत गेली. मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

*

शुक्रवारी समितीच्या खोलीत विक्रांत होता, त्याचा वकील होता, लीगचे दोन अधिकारी होते. मयूरी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. 

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. "वैरागडेबाई, तुमचं मन मोठं आहे. या मुलाचं करिअर वाचावं म्हणून तुम्ही स्वतःवर चिखल उडवून घेताय. पण माझ्यासमोर सात टक्क्यांचा अहवाल आहे."

"सर, ते मी केलं. मी सांगतेय."

"माणसं स्वतःबद्दल खोटं बोलतात. खोटे कबुलीजबाब मी आयुष्यभर बघितले." त्यांनी अहवालावर बोट ठेवलं. "याला काही मिळवायचं नाही, काही लपवायचं नाही."

आणि मयूरीला खरी भीती तेव्हा वाटली. एक बाई तोंडाने सांगत होती की मी गुन्हा केला, आणि खोलीतले सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. इथून पुढे असंच होणार होतं. पोलीस ठाण्यात, शाळेत, घरातल्या जेवणाच्या टेबलावर. माणूस हो म्हणो की नाही म्हणो, आकडा आधीच बोललेला असणार. ती इरावतीकडे वळली. इरावतीने मान खाली घातली होती.

तेवढ्यात दार उघडलं. पायात लोखंडी पट्टीचा बूट घातलेली एक बाई, एक पाय जरा ओढत, आत आली.

"मी चंदा उईके. घोटा माझा होता," ती म्हणाली. मयूरीकडे तिने पाहिलं नाही. "मला तो सामना दाखवा."

"बाई, तो आम्ही पाहिला आहे," कर्णिक म्हणाले.

"मी नाही पाहिला. बावीस वर्षांत एकदाही नाही."

इरावतीने कुणाला न विचारता फीत लावली. शेवटचा सेकंद.

"हा नको," चंदा म्हणाली. "मागे न्या. टाइमआउट संपल्यापासून लावा."

पडद्यावर दहा मुली मैदानात उतरल्या. चंदा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"ही मयूरी. हिनं सात नंबरला अडवायचं होतं. त्या दिवशी पूर्ण सामना ती सातवरच होती. माझ्यावर दुसरी होती, ही, लाल पट्टीवाली. आता बघा." चंदाने बोट ठेवलं. "मयूरीनं सातला सोडलं. सात एकटी उभी आहे बास्केटखाली. असं कुणी सोडतं का? सोडायचं तर आधी ओरडून सांगावं लागतं, बदल म्हणून, नाहीतर दोघी एकीवरच जातात. हिचं तोंड बघा, बंद आहे. हिनं कुणाला सांगितलं नाही. सरळ आली आणि मी जिथं पडणार तिथं येऊन थांबली. माझ्या उडीच्या दोन सेकंद आधी." तिने हात खाली घेतला. "मला तेव्हाही आठवत होतं की ही माझ्यावर नव्हती. मी मनाला सांगायचे, कोचनं बदल केला असेल. ही खरं बोलते आहे, सर."

कर्णिक उठून पडद्यापाशी आले. त्यांनी ते बारा सेकंद तीन वेळा बघितले. शेवटी त्यांनी मयूरीकडे पाहिलं, आणि आता त्या नजरेत कीव नव्हती.

"आणि त्या पोराची लावा," चंदा म्हणाली. "तिथे, थांबवा. टाच बघा त्याची. उचललेली आहे. पाय घालायचा असतो त्याला टाच टेकवावी लागते, नाहीतर स्वतःच पडतो. हा पळून राहिला होता."

विक्रांतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "म्हणजे मी नाही केलं ना?" तो विचारत होता. "मॅडम, नक्की नाही ना?" चंदाने दोनदा नाही म्हणून सांगितलं, तरी त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

तासाभराने निर्णय झाला. विक्रांतच्या निलंबनाची शिफारस फेटाळली गेली. सर्वोत्तम खेळाडूच्या ढालीवर मात्र वाद झाला. कर्णिक द्यावी म्हणाले. मयूरीला आता मत उरलं नव्हतं. इरावतीने होकार दिला, पण विक्रांतच म्हणाला की जयदीप चालायला लागेपर्यंत ठेवून द्या. मयूरीची ढाल काढून घेतली गेली आणि समितीवरून तिला कायमचं वगळलं. तिने कागदावर सही केली.

बाहेर व्हरांड्यात इरावतीने तिला गाठलं. "करार मी पुढे ढकलायला लावलाय. चूक कुठे आहे ते तुमच्यामुळे कळलं. पुढच्या आवृत्तीला एक सेकंद पुरणार नाही. टाइमआउटपासून बघावं लागेल. कदाचित सामन्याच्या आधीपासून, आदल्या दिवसापासून." ती आधी मयूरीशी बोलत होती, मग स्वतःशीच हिशेब मांडू लागली, आणि तिच्या डोळ्यांत तो जुना उत्साह परत आला. मयूरीला तिच्यापासून दूर जावंसं वाटलं. आदल्या दिवशी कुठे? घरात? झोपेत?

जिन्यापाशी चंदा उभी होती.

"घरी सोडू?" मयूरीने विचारलं.

"नको. उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. पोरींना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

*

सकाळी सहाला चाळीस मुली मैदानात मांडी घालून बसल्या होत्या. चंदा शिट्टी गळ्यात अडकवून त्यांच्यामागे, कठड्याला टेकून उभी होती. मयूरी अंतिम सामन्यातही इतकी घाबरली नव्हती. यातल्या निम्म्या मुली तिच्यासारखे केस बांधायच्या.

तिने सांगितलं. सामना, टाइमआउट, पाय. काही मुलींनी मागे वळून चंदाच्या बुटाकडे पाहिलं आणि घाईने मान परत वळवली. एक मोठी मुलगी उठून बाजूला जाऊन उभी राहिली, मयूरीकडे पाठ करून. मयूरीला वाटलं, इथून निघून जावं. पण ती उभी राहिली.

मग पुढच्या रांगेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने हात वर केला.

"पण का केलं तुम्ही?"

गेल्या दोन दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कर्णिकांनी नाही, इरावतीने नाही, चंदानेही नाही. मयूरीला उत्तर शोधावं लागलं नाही. ते बावीस वर्षं तिथेच होतं, आणि ते मोठ्याने म्हणायची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत आली होती.

"कारण ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची," मयूरी म्हणाली. "लहानपणापासून. आणि मला ते कायम माहीत होतं."

मागे कठड्यापाशी चंदाने मान दुसरीकडे फिरवली आणि ओढणीने तोंड पुसलं. थोड्या वेळाने तिने शिट्टी ओठांना लावली, पण ती वाजायला जरा वेळ लागला.